दहा अंशांच्या आत

फर्गस फॉल्स, १७ नोव्हेंबर

सिग्ने,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न उघडताच टाकून देणार असशील तर जरा थांब. यात तुझ्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे पुढं आहे, पण तोवर तू बरंच वाचून बसलेली असशील.

पत्ता व्हर्नाआत्याकडून काढला. तिला बोलू नकोस. तिनं खूप आढेवेढे घेतले. शेवटी मी तिच्याकडे कॉफीला जाऊन बसले आणि उठेचना, तेव्हा कुठं तिनं तो लिहून दिला. तर तुम्ही सिॲटल सोडून सेंट क्लाउडला आलात. उन्हाळ्यातच आलात म्हणे. माझ्या घरापासून गाडीनं दोन तासही नाहीत. बरं.

काल अलेक्झांड्रियाच्या शाळेत लहान मुलींची जिमनॅस्टिक्सची स्पर्धा होती. तिसरी पातळी, म्हणजे बीमच्या चार इंची पट्टीवर उलटं उभं राहायला नुकत्याच शिकलेल्या पोरी. बीमला पंच म्हणून मी आणि लुआन. लुआन तुला आठवत असेल, हसली की सगळ्या जिमला कळतं ती. आम्ही दोघी थोडं अंतर ठेवून बसलो होतो. अंगात तोच निळा कोट नि पांढरा ब्लाउज, ज्यावरून तू लहानपणी मला हवाई सुंदरी म्हणायचीस. आता सुंदरी गेली, नुसती हवा राहिली आहे.

आमच्या कागदावर मुलींची नावं नसतात, पाठीला लावलेला नंबर असतो. दोन वेण्या घातलेली एक मुलगी आली, तिनं हात वर केला, मी माझा केला. चढली ठीक. चालली ठीक. मग हँडस्टँडला गेली.

हँडस्टँड कसा बघायचा हे तुला सांगायला नको, पण तरी सांगते. नजर हातांपासून सुरू करून वर जायची. कोपर वाकलं का, खांदे पूर्ण उघडले का, पोट सुटलं का, पाय एकमेकांना मिळाले का, पंजे ताणले का. शेवटी सबंध रेघ. सरळ उभ्या रेषेपासून दहा अंशांच्या आत असली तर काही कापायचं नाही, त्यापुढं गेली की दशांशादशांशानं कापत जायचं. खाली पडली तर थेट अर्धा गुण. चेहऱ्याकडे बघायचंच नाही. चेहऱ्याला गुण नसतात.

मी चेहऱ्याकडे बघितलं.

वेण्या खाली लोंबत होत्या, गाल डोळ्यांकडे घसरले होते आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं होतं. तू सोफ्याशेजारच्या भिंतीला पाय टेकून उभी राहायचीस ना, मी स्वयंपाकघरातून ‘जेवायला ये’ म्हणून ओरडत असताना? तुझा चेहरा मी सुलटा जेवढा पाहिला, तेवढाच उलटा पाहिलाय. तुझ्या टोवाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाळण्यात होती. रस्त्यात समोरून आली असती तर मी तिला ओळखलं नसतं. उलटी दिसली म्हणून ओळखलं.

तोवर पाय खाली आलेसुद्धा. ते वर मिळाले होते की नव्हते, मला पत्ताच नाही. मी काहीच कापलं नाही. लुआननं पायांचे दोन दशांश कापले होते, खांद्याचा एक. आमचे आकडे जुळेनात, म्हणून मुख्य पंचांनी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं.

“ॲर्डिस,” लुआन म्हणाली, “पोरीच्या दोन पायांमधून शाळेची बस गेली असती. तू बघत काय होतीस?”

“डोळ्यात काहीतरी गेलं.”

“मग धुऊन ये. आणि आधी आकडा बदल.”

मी बदलला. स्पर्धा संपल्यावर भिंतीवर निकाल लावतात, तिथं पंच सहसा जात नाहीत. मी गेले. टोवा रिंडाल. म्हणजे चूक झाली नव्हती माझी.

तर तिला मिळालेला आकडा योग्य होता, याची खात्री बाळग. तिला म्हणावं, मोज्यांचा गोळा करून घोट्यांमध्ये धर आणि तसाच वर जा, गोळा पडता कामा नये. मोजे कार्टिसचे घे, बापाचे मोठे असतात.

— आई (नुसतं ‘ॲर्डिस’ लिहिणार होते, पण ते बँकेतल्या पत्रासारखं दिसत होतं)


फर्गस फॉल्स, ९ डिसेंबर

सिग्ने,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, असं मी सगळ्यांना सांगते. सगळ्यांना म्हणजे पोस्टमन गॉर्डीला. परवा तो म्हणाला, “बाई, डबा सारखा उघडून पाहिला म्हणून त्यात पत्र उगवत नाही.” मी म्हटलं, तू तुझं काम कर.

शनिवारी चर्चच्या तळघरात लुटेफिस्क माशाचं जेवण झालं. वितळलेलं लोणी वाढायचं काम याही वर्षी माझ्याकडेच. वाढून झाल्यावर ताट घेऊन बसायला गेले, तर प्रत्येक टेबलावर एकेक कुटुंब मांडून बसलेलं. सुना, जावई, उंच खुर्चीतली बाळं. मी कोटांच्या खुंट्यांपाशी बसले. नवीन पाद्री येऊन म्हणाले, “आणि सिग्ने कशी आहे?” मी म्हटलं, “मजेत.” मग आम्ही दोघं बर्फाबद्दल बोललो. आपल्याकडची माणसं किती चांगली ते बघ, सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि सगळे बर्फाबद्दल बोलतात. घरी आल्यावर मात्र मला रडू आलं. मासा एवढा वाईट नव्हता.

आता मुद्द्याचं. जानेवारीतल्या स्पर्धांसाठी पंचांच्या नेमणुका आल्या. मूरहेडला बीम माझ्याकडे आहे, आणि त्याच सत्रात टोवाचा क्लब आहे. नियम असा आहे की रक्ताच्या नात्यातलं कुणी उतरत असेल तर पंचानं आपणहून सांगायचं. सांगितलं की मला दुसऱ्या सत्राला, नाहीतर दुसऱ्या गावाला पाठवतील. मग टोवा दिसणार नाही. नाही सांगितलं तर दिसेल. हात वर करेल, मी हात वर करीन. तिच्याशी एक शब्द बोलायची मला मुभा नाही, हसायचीसुद्धा नाही फारशी. पण तेवढं तरी होईल.

लुआनला बेकरीत सगळं सांगितलं. तिच्या तोंडात रुबार्बच्या पेस्ट्रीचा घास होता.

“आडनाव वेगळं. तोंडावर लिहिलंय का तुझ्या? गप्प बस.”

“आणि कळलं तर?”

“तर आपल्या दोघींनाही हाकलतील, आणि शनिवारी घरी बसून विणकाम करावं लागेल. मला विणता येत नाही, म्हणून मला काळजी.”

ती असं बोलते, पण नंतर तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तू मला बाबांच्या दफनाच्या दिवशी म्हणाली होतीस, “तुला माणसांपेक्षा नियम मोठे.” मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. घरात लोक होते, आणि हॉटडिश गरम करायची होती. आता देते. डायलिसिस थांबवायचं तुझ्या वडिलांनी ठरवलं. मी नाही. ख्रिसमस होईपर्यंत सिग्नेला सांगू नकोस, बाळाचा पहिला ख्रिसमस आहे, तो तिला नीट करू दे, असा शब्द त्यानं माझ्याकडून घेतला. तेवढे दिवस आपल्या हातात आहेत असं त्याला वाटलं होतं. नव्हते. मी शब्द पाळला. तू आलीस तेव्हा तो बोलण्यापलीकडे गेला होता. हा नियम नव्हता सिग्ने, माझा नवरा होता. मी अजूनही म्हणते की ती गोष्ट त्याची होती आणि सांगायचा हक्क त्याचा होता. तू अजूनही म्हणतेस की मी फोन करायला हवा होता. दोघींनी किती वर्षं तेच तेच म्हणायचं?

पण या वेळी मी माझ्या मनानं ठरवणार नाही, तुला विचारते. सांगू की गप्प बसू? पोस्टकार्डावर ‘सांग’ किंवा ‘बस’ एवढंच लिही. सही नको.

नाताळात मी घरीच आहे. कुठं जाणार.

आई


फर्गस फॉल्स, १९ जानेवारी

सिग्ने,

पोस्टकार्ड आलं नाही. मी त्याचा मला हवा तो अर्थ लावला आणि काल मूरहेडला जाऊन बसले.

थंडी अशी होती की नाकातले केस कडकडत होते. सकाळी पंचांच्या बैठकीत मुख्य पंचांनी दरवेळेसारखं विचारलं, “कुणाचं नात्यातलं कोणी?” एका तरुण पंचानं हात वर केला, तिची भाची होती. तिला दुसऱ्या सत्रात पाठवलं. मी कॉफी ढवळत राहिले. कॉफीत साखरही नव्हती.

टोवा आली. सॅल्यूट. या वेळी मी शपथेवर सांगते, मी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. फक्त हात, खांदे, पोट, पाय. पाय मिळाले होते! घोट्याला घोटा लागलेला. रेघसुद्धा सुरेख. दहा अंश असतील, फार तर अकरा. बसल्या जागेवरून तेवढा फरक कुणाला दिसतो? दुसरी कुठलीही पोर असती तर मी तो हँडस्टँड डोळे झाकून दिला असता.

पण ती दुसरी पोर नव्हती. उद्या कुणाला कळलं तर म्हणतील, आजीनं दिले. म्हणून मी रेघेचा एक दशांश कापला. मग खांद्यांचाही एक. खांद्यात काही नव्हतं. लुआननं दोन्ही कापले नव्हते, पण आमच्या आकड्यांतलं अंतर चालण्याजोगं होतं, म्हणून कुणी आम्हाला बोलावलं नाही. दोघींची सरासरी निघाली आणि टोवा चौथी आली. तिसरीपर्यंतच्यांना लाकडी ठोकळ्यावर उभं करून पदक देतात. ती खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. छान वाजवत होती, तोंड न पाडता. ते तू शिकवलंस का?

लुआननं जेवणाच्या सुट्टीत माझा कागद ओढला.

“हे खांदे कुठून काढलेस? पोर मेणबत्तीसारखी उभी होती.”

“तूच म्हणालीस, गप्प बस. बसले गप्प.”

“गप्प बस म्हणाले होते. पोरीला कापून खा असं नव्हते म्हणाले.”

मग तिनं आपला डबा उचलून दुसऱ्या टेबलावर नेला. दुपारभर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून लोकांच्या पोरींचे गुडघे बघत होतो. आपलं माणूस समोर आलं की मला धड बघता येत नाही, हे मला या वयात कळलं. एकदा जास्त दिलं, एकदा कमी. नियम करणारे काही मूर्ख नव्हते.

बाहेर गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता. मी खरवडत होते, तर मागून आवाज आला, “ॲर्डिस?” तुझा नवरा. त्याच्या गाडीचं इंजिन चालू होतं आणि टोवा आत बसून चीज पफ खात होती.

“मी कार्टिस.”

“माहीत आहे. तुझ्या लग्नातला केक खाल्लाय मी.”

त्यानं माझ्या हातातून खरवडणी घेतली आणि माझी काच साफ करायला लागला. चांगला मुलगा आहे. हे मी तेव्हा म्हणाले नव्हते, तर आता म्हणते. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “सिग्ने येत नाही. एकाही स्पर्धेला आलेली नाही. टोवाला सांगते की शनिवारी कामावर पाळी असते. पाळी नसते.”

“मग?”

“पंचांची नावं आधी जाहीर होतात ना. ती रोज यादी उघडून बघते. तुमचं नाव दिसलं की जॅकेट परत खुंटीला. नाव नसलं तरी म्हणते, आयत्या वेळी बदलतात, असतील त्या.”

मी विचारलं, पत्रं वाचते का? तो म्हणाला, “गॅरेजमध्ये जाऊन वाचते बहुतेक. आत येते तेव्हा डोळे लाल असतात. म्हणते थंडी.”

“आणि हिला माहीत आहे, मी कोण ते?”

“नाही.” मग तो जरा हसला. “घरी सांगत होती, एक म्हाताऱ्या पंच आहेत, त्या फार टक लावून बघतात म्हणून.”

काच साफ झाली होती. तरी तो आणखी थोडा वेळ खरवडत राहिला. मग खरवडणी माझ्या हातात दिली नि गेला. टोवानं काचेतून माझ्याकडे बघितलं. मी निळा कोट घातलेला होता, त्यामुळे हात हलवला नाही.

त्याच्यावर रागावू नकोस. त्याला वाटलं मला माहीत असावं.

आई


फर्गस फॉल्स, ३ फेब्रुवारी

सिग्ने,

नेमणुका करणाऱ्या पॅमला मी सगळं कळवलं. टोवा माझी नात आहे, मला ते नोव्हेंबरात कळलं होतं, मूरहेडला विचारलं तेव्हा मी बोलले नाही आणि त्या दिवशीचे माझे गुण धरू नयेत. लुआनचं नाव मी कुठंही घेतलं नाही. पॅमचा फोन आला.

“ॲर्डिस, एक वाक्य होतं गं. आधी का नाही बोललीस?”

“बघायचं होतं मला.”

तिनं पलीकडे कागद चाळले. मग म्हणाली, हा हंगाम तुला घरी बसवावं लागेल, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, पुढच्या वर्षीचं बघू नकोस. टोवाचा क्लब जिथं जिथं जातो, त्या सगळ्या भागातून माझं नाव काढ, आणि कायमचं काढ. आयत्या वेळीसुद्धा मला बोलावू नकोस, कुणी आजारी पडलं तरी. हे असं लेखी दे म्हटलं, म्हणजे संशय नको. पॅम म्हणाली, मग तुझ्याकडे राहिलं काय? नकाशावर पाहिलं तर उत्तरेला थोडं काहीतरी राहतं, कॅनडाच्या हद्दीपाशी, जिथं पोरींपेक्षा हरणं जास्त. तिकडं कुणी बोलावलं तर जाईन.

लुआन येऊन स्वयंपाकघरात ओरडून गेली. “माझ्या शेजारी आता ती पोनीटेलवाली बसवणार, जी बेरीज बोटांवर करते! मी बोलू कुणाशी?” मग तिनं स्वतःच कॉफी केली, माझ्याही कपात ओतली, आणि म्हणाली की तू केलंस ते बरोबर केलंस आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. ती गेल्यावर घर एवढं शांत झालं की मी रेडिओवर धान्याचे भाव लावले.

हे मी तुझ्यावर उपकार म्हणून केलेलं नाही. मला टोवा दिसावी म्हणून मी त्या खुर्चीला चिकटून होते, आणि मी त्या खुर्चीत म्हणून तू घरी बसत होतीस. पोरीला एक आई आहे आणि एक टक लावून बघणारी म्हातारी. दोघींपैकी कुणी तिथं असावं, यात दहा अंशांचाही प्रश्न नाही. मला त्रास होतोय, खोटं कशाला बोलू. शनिवार आला की मी लवकर उठते, आंघोळ करते, आणि मग मला आठवतं की कुठं जायचं नाही.

यादी तू बघशीलच. बघ, पुन्हा पुन्हा बघ, माझं नाव नाही.

एक गोष्ट पंचाच्या खुर्चीवरून दिसते, ती तुला कुणी सांगितली नसेल. कार्टिसला ती वरून कळणार नाही. उडी मारून खाली उतरलं की मुलगी पंचांकडे वळून हात वर करते. तिथं तिचं काम संपतं आणि आमचं सुरू होतं, आम्ही खाली मान घालून बेरीज करायला लागतो. मी दोन्ही वेळा लगेच मान खाली घातली नाही. टोवा हात खाली घेते आणि बाकांकडे बघते. कार्टिस दोन्ही हात हलवत असतो, विमान उतरवत असल्यासारखा. तो तिला दिसतो, ती त्याला हात करते. आणि तरी ती बघतच राहते. पहिली रांग, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. नोव्हेंबरात मला वाटलं होतं, गुणफलक शोधत असेल. कार्टिस बोलला तेव्हा कळलं, काय शोधते ते.

बाविसाव्या तारखेची स्पर्धा तुमच्याच गावात आहे, सकाळच्या सत्रात. लवकर जा. वरच्या रांगांत बसू नकोस. तिथवर तिची नजर पोचायच्या आत कोच तिला खांद्याला धरून घेऊन जाते.

आई